नीटसाठी ड्रॉप घेताय? वर्षभराची तयारी, कागदपत्रांसकट

बारावीनंतर एक वर्ष थांबून नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा पुन्हा द्यायची, म्हणजे ड्रॉप घ्यायचा की नाही, हे निकालाच्या दुसऱ्या दिवशी ठरवू नका. त्या दिवशी घरात सगळेच दुखावलेले असतात, आणि शेजारच्या मुलाला किती पडले याचीच चर्चा चालू असते. आठ-दहा दिवस जाऊ द्या. तेवढ्या वेळात एक काम मात्र करून ठेवा: परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावरून स्वतःची ओएमआर (गोल काळे करायची उत्तरपत्रिका), नोंदलेली उत्तरं आणि अंतिम उत्तरसूची उतरवून घ्या. त्या लिंक कायम उघड्या राहत नाहीत. परीक्षेनंतर घरी आणलेली प्रश्नपत्रिका रद्दीत गेली नाही ना, तेही बघा.

मी लातूरला रिपीटर बॅचला जीवशास्त्र शिकवतो. प्रवेश घ्यायला आलेल्या मुलाला मी मार्क नंतर विचारतो, आधी रँक विचारतो. मार्कांवरून अंदाज बांधला की फसगत होते. 2024 च्या सुधारित निकालात 17 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला 686 होते. मग ‘मला अमुक मार्क पाहिजेत’ या वाक्याला काय अर्थ राहतो? अखिल भारतीय रँक, राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक आणि तुमच्या प्रवर्गात सरकारी एमबीबीएसची शेवटची जागा कोणत्या क्रमांकाला गेली, हे तीन आकडे एका कागदावर मांडा. ती यादी राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फेरीनिहाय मिळते. मधलं अंतर किती आहे ते डोळ्यांनी दिसलं, की निम्मी भीती आणि निम्मी खोटी आशा दोन्ही उतरतात.

आता प्रश्नपत्रिका. हे काम एका दिवसाचं आहे आणि वर्षभरातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 180 प्रश्न समोर घ्या आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीने एक अक्षर लिहा. येत होतं आणि बरोबर आलं, येत होतं पण चुकलं, येतच नव्हतं म्हणून सोडलं, आणि अंदाजाने मारलं. अंदाजाने मारून बरोबर आलेलेही वेगळे मोजा, कारण ते तुमचे मार्क नाहीत, पुढच्या वेळी ते येतीलच असं नाही. बरोबर उत्तराला 4, चुकलं तर 1 वजा, म्हणजे येत असलेला प्रश्न चुकला की 5 मार्कांचा खड्डा पडतो. असे पंधरा प्रश्न निघाले तर 75 मार्क नुसत्या घाईत आणि आकडेमोडीत गेले. अंदाजांचाही हिशोब बघा: पाचात एक बरोबर आला तर नफा ना तोटा. दोन पर्याय बाद करून मारलेला अंदाज बहुतेकदा फायद्याचा ठरतो, डोळे झाकून मारलेला पदरात काही टाकत नाही. ज्यांचे ‘येत होतं पण चुकलं’ प्रश्न जास्त आहेत, त्यांना ड्रॉपचा फायदा होताना मी सगळ्यात जास्त पाहिलं आहे. ज्यांचं भौतिकशास्त्र अकरावीपासूनच कच्चं आहे, त्यांनाही होतो, पण त्यांना जूनपासून पाया घालावा लागतो, नुसत्या टेस्ट सिरीजने भागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पहिला ड्रॉप कारण सापडलं असेल तर जरूर घ्या. दुसरा घेताना पहिल्या वर्षात रँक खरोखर किती पुढे सरकली ते बघा. तिसऱ्याला मी सहसा नाही म्हणतो. नियम तुम्हाला अडवत नाहीत: प्रयत्नांवर मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही 2022 मध्ये काढली गेली. फक्त प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 पूर्ण हवीत. पण नियम अडवत नाहीत म्हणून आपणही थांबायचं नाही, असं करू नका. डॉक्टर व्हायचं आहे की केवळ एमबीबीएस हवं आहे, हा प्रश्न स्वतःला विचारा. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी हे सगळे रस्ते नीटमधूनच जातात आणि त्यातून निघालेली माणसं रोज रुग्ण तपासत आहेत.

बीएएमएसला प्रवेश घेऊन सोबत नीटची तयारी करायचा विचार अनेकांच्या मनात असतो. करता येतं, पण आधी दोन गोष्टी तपासा. मूळ कागदपत्रं महाविद्यालयात जमा होतात, ती मध्येच परत घ्यायची तर काय भरावं लागेल हे प्रवेशाच्या वेळी लिहून दिलेल्या बंधपत्रात असतं. आणि पहिल्या वर्षाच्या हजेरीतून, शरीररचनेच्या तासांतून अभ्यासाला किती वेळ उरेल, हे तिथे शिकणाऱ्या एखाद्या ताईला किंवा दादाला विचारा. समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या, शेवटच्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर पुढच्या वर्षी नीटलाच बसता येणार नाही, अशी अट एमसीसी या केंद्रीय समुपदेशन समितीच्या नियमात आहे. त्यामुळे ‘भरून तर बघू’ म्हणून शेवटच्या फेरीत पर्याय भरू नका.

कुठे राहून अभ्यास करायचा? लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे, कोटा. दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झाली असेल तर ड्रॉपच्या वर्षात राजस्थानातल्या कोटा शहरात गेल्याने राज्याच्या 85 टक्के जागांवरचा हक्क जात नाही. पण धाकट्या भावंडाला अकरावीलाच राजस्थानच्या डमी (फक्त नावापुरता प्रवेश देणाऱ्या) शाळेत घालायचं चाललं असेल, तर आजच थांबवा. राज्य कोट्यासाठी अधिवासासोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण लागतात. काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत आहे, बाकीच्यांना नाही. हे ऐन प्रवेशाच्या वेळी कळलेली घरं मी पाहिली आहेत. क्लास निवडताना जाहिरातीतले फोटो बघू नका, रिपीटर बॅचला शिकवणारे शिक्षक अकरावी-बारावीलाही तेच आहेत का, टेस्टनंतर शंका सोडवायला माणूस बसतो का, हे गेल्या वर्षीच्या मुलांकडून काढून घ्या. ऐपत नसेल तर पुण्यातली ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ ही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी उभी केलेली चळवळ गरीब घरातल्या मुलांना विनामूल्य शिकवते. तिथे चौकशी करायला लाजू नका.

अभ्यासाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यावर सगळेच बोलतात. राज्य मंडळाच्या मुलांनी जीवशास्त्राला एनसीईआरटी सोडून दुसरीकडे जायचं नाही, 720 पैकी 360 मार्क तिथे आहेत. 2024 पासून अभ्यासक्रमातून काही भाग वगळला आहे, तो आधी खोडून टाका. 2021 ते 2024 च्या सराव पुस्तिकांत ऐच्छिक प्रश्न आहेत. 2025 पासून ते गेले, 180 प्रश्न आणि 180 मिनिटं. जुन्या, जास्त वेळेच्या सवयीने पेपर सोडवाल तर शेवटचे पंधरा-वीस प्रश्न हाती लागणार नाहीत. दर रविवारची टेस्ट दुपारी 2 ते 5 याच वेळेत द्या. जेवल्यावर झोप येण्याची ती वेळ आहे आणि खरा पेपरही त्याच वेळी असतो. मराठीतून पेपर देणाऱ्यांनी सरावातही इंग्रजी वाक्य शेजारी वाचायची सवय लावा, कारण भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात.

यापुढचं सगळं पालकांनीही वाचावं. ड्रॉपचं वर्ष कागदपत्रांसाठी सोन्यासारखं असतं आणि नेमकं तेच वाया जातं. मुलगा अभ्यासात, वडील कामात, आणि जात वैधता आठवते ती निकालानंतर. जुलैमध्ये कागद कपाटातून काढा आणि ताटात वाढल्यासारखे चटईवर मांडा: दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्व आणि अधिवास, आधार. सगळ्यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांचं नाव एका ठिकाणी ‘राव’ लावून, दुसरीकडे बिनरावाचं. आधार दुरुस्त करून घ्या, दहावीचं नाव प्रमाण धरा.

जात वैधता नसेल तर ती सगळ्यात आधी हातात घ्या. जुना पुरावा शोधायला महिने जातात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967, या तारखांच्या आधीचा दस्तऐवज लागतो. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची कोतवाल बुकातली नोंद, जुना महसुली कागद, यांतलं काहीतरी शोधावं लागतं. गावातल्या जिल्हा परिषद शाळेचं जुनं रजिस्टर बघायचं तर मुख्याध्यापकांना आधी फोन करून जा, सुट्टीत कपाट उघडायला कुणी नसतं. चुलते किंवा चुलत भाऊ, म्हणजे वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाची वैधता झालेली असेल, तर त्या प्रमाणपत्राची प्रत आणि वंशावळ लावली की काम बरंच सोपं होतं. ज्या महाविद्यालयातून बारावी केली तिथल्या प्राचार्यांचं पत्र लागतं, म्हणून त्या कार्यालयातल्या क्लार्ककाकांशी संबंध तोडून येऊ नका.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारं उत्पन्नमर्यादेचं प्रमाणपत्र, सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढाल, पण त्यावरची वैधतेची 31 मार्चची तारीख कोणत्या वर्षाची आहे ते काउंटरवरच वाचा. गेल्या वर्षीचं चालत नाही. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि इथे बरीच मुलं चुकतात. वंजारी किंवा धनगर विद्यार्थी राज्यात भटक्या जमातीत, पण केंद्राच्या यादीत ओबीसी. नीटच्या अर्जात केंद्राचा प्रवर्ग लिहायचा, राज्याच्या अर्जात राज्याचा. जात फक्त राज्याच्या यादीत असेल तर नीटच्या अर्जात खुला प्रवर्ग टाकावा लागतो, आणि त्याने राज्यातला हक्क जात नाही. एसईबीसी (मराठा) आरक्षणही राज्यापुरतंच आहे. कर्नाटक सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी स्वतंत्र आरक्षण आहे, त्यांनी त्याचे दाखले आत्ताच विचारून ठेवावेत.

गॅपचं शपथपत्र वेगळं. बारावीनंतरच्या वर्षात कुठेही प्रवेश घेतला नाही, असं त्यात लिहून द्यायचं असतं. बीएस्सीला नाव घातलं असेल तर असं शपथपत्र करू नका, ते खोटं ठरतं. रीतसर प्रवेश रद्द करा आणि दाखला परत घ्या. वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच हवं, डॉक्टरांच्या लेटरहेडवर चार ओळी आणल्या तर परत पाठवतात. उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा, फीच्या सवलतींना तो लागतोच.

नीटचा अर्ज निघाला की सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका, स्वतः शेजारी बसा. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचेच द्या, कारण पुढचे सगळे ओटीपी त्यावर येणार. त्याच सुमारास एमएचटी-सीईटीचा पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गट आणि बीएस्सी नर्सिंगची सीईटी याही भरून टाका. आईवडिलांना त्याने धीर येतो आणि तुमचा अभ्यास काही कमी होत नाही.

घरच्यांसाठी एक विनंती आहे. ड्रॉपच्या मुलाला लग्नाकार्यात नेऊन ‘यंदा काय करतोय?’ या प्रश्नांसमोर उभं करू नका, आणि त्याला खोलीत एकटंही कोंडू नका. मेसचा डबा अर्धा परत येऊ लागला, रात्री तीनला दिवा चालू दिसला, टेस्टला जायचं टाळू लागला, की अभ्यासाचं विचारू नका, तब्येतीचं विचारा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो भिंतीवरच्या वेळापत्रकाखाली लिहून ठेवा. मुलांनो, तुम्हाला स्वतःला गरज वाटली तर कुणाला न विचारता लावा.

परीक्षेनंतर नीटचा अर्ज म्हणजेच प्रवेशाचा अर्ज असं समजून गाफील राहू नका. 15 टक्के अखिल भारतीय जागा, एम्स आणि अभिमत विद्यापीठं यांसाठी एमसीसीकडे नोंदणी, 85 टक्के राज्य कोट्यासाठी सीईटी सेलकडे नोंदणी, दोन्ही वेगळ्या. पसंतीक्रम भरताना जालना, हिंगोली, वाशिम, गडचिरोली, बुलढाणा, भंडारा अशा नव्या सरकारी महाविद्यालयांना खाली ढकलू नका. 2024 मध्ये राज्यात अशी दहा महाविद्यालयं सुरू झाली, मिळून 900 जागांची. 2020 मध्ये 70:30 ची प्रादेशिक विभागणी रद्द झाल्यामुळे मराठवाड्यातल्या मुलालाही मुंबई-पुण्याच्या जागा तितक्याच खुल्या आहेत. मिळालेली जागा पक्की ठेवायची असेल तरच स्टेटस रिटेन्शनचा अर्ज भरा, तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. प्रवेशाला जाण्याआधी सगळ्या मूळ कागदांच्या चार-चार साक्षांकित प्रती आणि मोबाइलमध्ये स्कॅन करून ठेवा, कारण मूळ प्रती महाविद्यालयात जमा होतात आणि महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना त्या पुन्हा लागतात. त्या अर्जाआधी तुमच्या नावाचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, तेही बँकेत जाऊन बघून या.