कंपाउंड बोचा खडखडाट आणि हाताला बसणारा झटका कसा कमी करायचा

कंपाउंड बो म्हणजे टोकांना चाकं (कॅम) असलेलं धनुष्य. बाण सुटला की तो टण्णकन वाजतो, कोपरापर्यंत झिणझिण्या येतात आणि मग लगेच सगळे ऑनलाइन डॅम्पनर (थरथर शोषणारं रबर) शोधायला लागतात. जरा थांबा. त्यातलं बरंचसं रबरी सामान अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्यांसाठी बनलेलं असतं, कारण बाण जातो सेकंदाला 90 मीटरच्या आसपास आणि आवाज जातो 340 ने, त्यामुळे बाण पोचायच्या आत हरीण दचकून खाली दबतं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि रेंजवरचं टार्गेट काही दचकत नाही. आपल्याला कोपर वाचवायचंय, स्क्रू ढिले होऊ द्यायचे नाहीत, बस.

आधी बाणाचं वजन बघा. लिंब्समध्ये (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांमध्ये) साठलेली ताकद बाण जेवढी घेऊन जाईल तेवढी जाते, उरलेली बोमध्येच थरथरत राहते, तोच आवाज आणि तोच झटका. बाण जेवढा हलका तेवढं जास्त उरतं. बो ओढायच्या जोराच्या एका पाउंडाला बाणाचं वजन कमीत कमी 5 ग्रेन हा जुना हिशोब आहे, म्हणजे 50 पाउंडच्या बोला 250 ग्रेन, साधारण 16 ग्रॅम, पण ही खालची हद्द झाली. 350 ग्रेनचा, म्हणजे साडेबावीस ग्रॅमच्या वरचा बाण लावून बघा, त्याच बोचा आवाज लगेच बसका होतो. फक्त पुढचं टोक जड केलं की बाण जास्त वाकतो, म्हणून स्पाइन (बाणाचा ताठपणा) तपासून घ्या, आणि साइट (नेम धरायचं साधन) परत सेट करावी लागेल. बाण न लावता स्ट्रिंग (दोरी) सोडणं तर अजिबात नको, सगळी ताकद लिंबवर येते आणि लिंब तडकतो.

मग खडखड शोधायची, यात वेळ गेला तरी चालेल. घरी पंखा बंद करा, बो हातात धरून रायझरवर (मुठीच्या मधल्या भागावर) बोटाच्या पेरांनी टकटक करा आणि कान लावा. साइट, रेस्ट (बाण टेकतो तो आधार), क्विव्हर (बाणांचा भाता), स्टॅबिलायझर (तोल धरणारी दांडी) एकेक काढून परत टकटक, जे काढल्यावर आवाज थांबला तेच चोर. मुंबईच्या खाऱ्या हवेत स्क्रू गंजतात, पावसाळ्यात तर विचारूच नका, त्यामुळे किल्ली फिरत नाही म्हणजे स्क्रू टाइट आहे असं धरून चालू नका. ॲलन कीचा बरा सेट मुंबईच्या नागदेवी बाजारात मिळेल. साइटच्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरतो. लिंब रायझरला धरणाऱ्या लिंब बोल्टला मात्र लावायचं नाही, आणि तो उगाच फिरवायचाही नाही, दोन्ही बाजूला फेरे सारखे नसले की ट्युनिंग गेलंच.

ड्रॉप-अवे रेस्ट (बाण सुटताच खाली पडणारा) आपटून टक् वाजत असेल तर शेल्फवर (रायझरवरच्या रेस्टखालच्या कट्ट्यावर) चिकटणाऱ्या फेल्टचा तुकडा लावा. ओढताना किरकिर येत असेल तर केबल स्लाइड (केबल्स बाजूला धरणारा सरकता तुकडा) आणि त्याची दांडी पुसून घ्या, तिथे धूळ बसते. स्ट्रिंगला वॅक्स लावून बोटांनी चोळून गरम करा, सर्व्हिंगला (स्ट्रिंगवर गुंडाळलेल्या धाग्याला) नको. स्ट्रिंग स्टॉप (सुटलेली स्ट्रिंग थोपवणारी रबरी टोकाची दांडी) असेल तर तो आणि स्ट्रिंग यांच्यात एटीएम कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठेवा. दोन्ही कॅम एकदम फिरत नसतील तरी आवाज वाढतो, पण त्याला बो प्रेस (बो दाबून धरणारं यंत्र) लागतो, ते कोचकडे किंवा दुकानात, घरी जुगाड नको.

एवढं करूनही आवाज उरला तर मग स्ट्रिंगवर रबरी सायलेन्सर, दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर आणि कॅममध्ये अडकणार नाही इतके लांब, वेग थोडा कमी होणार हे गृहीत धरा. स्टॅबिलायझरच्या टोकाला वजनाच्या आधी रबरी डॅम्पर लावला तर हाताला फरक कळतो, पैसे खर्च करायचेच असतील तर मी तिथे करेन.

रिकर्व्हवाल्यांचं (टोकं पुढे वळलेलं, चाकं नसलेलं धनुष्य) काम सोपं, 68 इंची बोला ब्रेस हाइट (ग्रिप ते स्ट्रिंग अंतर) साधारण 8.5 ते 9 इंच, स्ट्रिंगला थोडे पीळ देत किंवा सोडत जिथे आवाज सगळ्यात मऊ येईल तिथे थांबा.

आणि ग्रिप आवळू नका हो, फिंगर स्लिंग (बो पडू न देणारी बोटांची दोरी) लावा आणि बोटं सैल सोडा. मूठ घट्ट धरली की सगळा झटका सरळ कोपरात येतो, त्याला कुठलंच रबर कामाचं नाही.