उतारवयातलं नैराश्य आणि व्यायाम: या चुका टाळा

‘बाबा, जरा फिरून या, बरं वाटेल.’ सल्ला चुकीचा नाही. पण बाबा खुर्चीतून हलत नाहीत आणि घरचे त्यांना आळशी ठरवून मोकळे होतात. नैराश्यात उठायची उमेदच जाते, हे कुणी ध्यानात घेत नाही. त्यातून या वयात नैराश्य दरवेळी रडू घेऊन येत नाही. झोप उडते, अंग दुखतं, जेवणावरची वासना जाते, विसरायला होतं. आणि ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो.

‘मन लागलं की सुरू करू’ असं म्हणत थांबू नका. इथे आधी पाय हलतात, मन मागाहून येतं. उपदेशापेक्षा सोबत कामी येते: ‘नाश्ता झाला की चपला घालू, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ.’ पाच मिनिटं झाली तरी चालतील. आठवड्याला किमान 150 मिनिटांचा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा पहिल्याच आठवड्यात गाठायला गेलात, तर गुडघे धरतात आणि सगळंच बंद पडतं.

नुसतं चालणंही पुरत नाही. पासष्टीनंतर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम हवेत. पडण्याची भीती हे घरात बसून राहण्याचं मोठं कारण असतं, म्हणून माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हातांचा आधार न घेता सावकाश उठा, तितक्याच सावकाश बसा, धपकन नको. जमत नसेल तर हाताचा आधार घ्या.

उठताना चक्कर येते? रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी तसं होतं. डॉक्टरांना सांगा. काही गोळ्यांमुळे व्यायाम करताना नाडीही फारशी वाढत नाही, तेव्हा मनगटी घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, इतपत वेग ठीक.

सगळ्यात घातक चूक म्हणजे व्यायाम सुरू झाला म्हणून नैराश्याच्या गोळ्या परस्पर बंद करणं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 1999 सालच्या अभ्यासात नैराश्याचे पन्नाशीपुढचे 156 रुग्ण होते. 16 आठवड्यांनी व्यायाम, गोळी आणि दोन्ही, या तिन्ही गटांत जवळपास सारखाच फरक दिसला. मात्र सुरुवातीला गोळीचा गुण लवकर आला. शिवाय तो व्यायाम देखरेखीखालचा, आठवड्यातून तीनदा, नेमाने केलेला होता. दोन आठवड्यांत ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

आणि ‘आता जगून काय करायचं’ असं कानावर आलं, तर फिरण्याचा आग्रह बाजूला ठेवा. त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.