जुनी स्टेशन वॅगन बघायला जाताय? या चुका टाळा

ओळखीतलं कुणी जुनी स्टेशन वॅगन बघून आलं की मला फोटो येतात. समोरची जाळी, स्टिअरिंग, डॅशबोर्ड, इंजिन चारही बाजूंनी, छतावरचं कॅरिअर. मागचा गालिचा उचलून काढलेला फोटो मात्र एकही नसतो. स्टेपनीच्या खड्ड्यात काय दिसलं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "तिथं सामान होतं, म्हणून नाही बघितलं."

वर्षानुवर्षं हेच ऐकतोय, म्हणून सगळ्यात आधी यावरच लिहितो.

सामान न हलवता गाडी बघणं

वॅगन आणि त्याच मॉडेलची सेडान (वेगळ्या डिकीची गाडी) यांचं इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा अर्धा भाग बहुतेक वेळा एकच असतो. वॅगनचं वेगळेपण मागे असतं: उभं मोठं दार, बाजूच्या लांब काचा, लांबलचक छत. पाणीही तिथूनच शिरतं. टेललॅम्पच्या मागचं रबर, काचेचं बीडिंग, कॅरिअरचे स्क्रू, कुठूनही. बाजूच्या पॅनेलच्या आतून ते खाली उतरतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात किंवा मागच्या चाकामागच्या खोबणीत साचतं. निचऱ्याची भोकं मातीने बुजलेली असतात. वरून गालिचा कोरडा लागतो, खालचा नमदा मात्र महिनोन् महिने ओला राहतो. पत्रा आतून कुजत जातो आणि बाहेरच्या रंगावर फोड दिसेपर्यंत आत फारसं काही उरलेलं नसतं.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरीही मी एकदा चुकलो. भाच्याबरोबर एक वॅगन बघायला गेलो होतो. मालक सज्जन, गाडी एकाच घरात वाढलेली, इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. मागे घोंगड्या, घडी केलेला तंबू आणि पुस्तकांची दोन खोकी होती. मी काढायला हात घातला, तर भाचा हळूच म्हणाला, "मामा, राहू दे ना. त्यांना वाईट वाटेल." मी हात मागे घेतला.

पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याचा फोन आला. ब्रेक दाबला की मागून हंड्यात पाणी हिंदकळावं तसा आवाज येत होता. गालिचा उचलला. नमदा पिळला तर धार लागली. त्याखाली डांबराचा गुळगुळीत काळा थर होता. अंगठ्याने दाबला तर पुठ्ठ्यासारखा आत गेला. खरवडल्यावर खाली फायबरचं कापड निघालं आणि त्याखाली तांबूस पापुद्रे. स्क्रूड्रायव्हर टेकवला तो आरपार गेला, भोकातून खालची जमीन दिसली. नुसत्या खड्ड्याचं असतं तर एक पत्रा जोडून भागलं असतं. पण मागची स्प्रिंग जिथे टेकते तिथपर्यंत गंज पोचला होता. गाडी आठ महिने वेल्डरकडे पडून होती. भाचा मला कधी काही बोलला नाही. पण त्या दिवशी मी हात मागे घेतला, याची खंत अजून आहे.

आता मी फोनवरच सांगतो, "येण्याआधी मागचा भाग रिकामा करून ठेवा." तिथे पोचल्यावर आधी स्टेपनी बाहेर काढतो. टॉर्च लावून कोपरान् कोपरा बघतो आणि अंगठ्याने दाबून पाहतो. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून चाकांच्या कमानींवर आणि दारांखालच्या पत्र्यावर फिरवतो. जिथे तो ढिला पडतो तिथे बहुधा पुट्टी असते. मात्र भाग अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तो मुळातच चिकटणार नाही, एवढं लक्षात ठेवा. शेवटी मालकाच्या परवानगीने मागच्या दाराच्या वर छतावर बादलीभर पाणी सोडायला सांगतो आणि मी आत टॉर्च घेऊन बसतो. पाणी कुठून येतं ते डोळ्यांनी दिसतं. सामान काढायला मालक तयार नसेल तर मी निघतो.

आणि खालून नुकतंच मारलेलं चकचकीत डांबर बघून खूश होऊ नका. खालचा जुना, धुळकट पण धडधाकट पत्रा मला दहापट आवडतो.

मागच्या दाराचं रबर किरकोळ समजणं

या चुकीवर मला खरोखर राग येतो, कारण इथे प्रश्न पैशाचा नसतो. वॅगनची पाठ उभी आणि सपाट असते. गाडी धावताना तिच्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर पाठीशीच घोटाळतो. रबर फाटलेलं असेल किंवा मागची काच उघडी असेल तर तो आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बऱ्याच जुन्या वॅगनमध्ये तिसरी सीट अगदी मागच्या दाराला लागून, मागे तोंड करून असते. तिथे मुलं बसतात!

कागदाची पट्टी रबरावर ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे. असं दाराच्या पूर्ण कडेने करा. सायलेन्सरचं टोक बंपरच्या बाहेर येतं का, मध्ये कुठे फुटलंय का, तेही बघा. "रबर काय, नंतर बदलू" म्हणणाऱ्यांनी ते बदलेपर्यंत मागे कुणाला बसवू नये.

गरम इंजिन ऐकून खूश होणं

बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. थंड इंजिन सुरू होताना जे सांगतं ते तापलेलं सांगत नाही.

मॉडेलची दुखणी न वाचता जाणं

व्हॉल्वो 240 घेताय? साधारण 1980 ते 1987 मधल्या गाड्यांच्या इंजिनाकडच्या वायरींचं आवरण उष्णतेने भुगा होऊन पडतं. हार्नेस, म्हणजे वायरींचा तो सगळा जुडगा, बदललाय का, हे पहिलं विचारा. मर्सिडीजच्या डब्ल्यू 123 मालिकेच्या वॅगनला मागे तेलाच्या दाबावर उंची सांभाळणारं सस्पेन्शन असतं. दोन माणसं मागे बसवा, इंजिन चालू ठेवा, मागचा भाग पुन्हा वर येतो का बघा. खड्ड्यात मागचा भाग दगडासारखा आदळत असेल तर त्या सस्पेन्शनमधले धक्के झेलणारे नायट्रोजनचे गोळे संपलेत. फोर्ड कंट्री स्क्वायरच्या नंतरच्या गाड्यांवरचं 'लाकूड' म्हणजे छापील आवरण. त्याच्या कडेच्या पट्ट्यांखाली गंज दडतो. जनरल मोटर्सच्या 1971 ते 1976 मधल्या मोठ्या वॅगनची मागची काच छतात आणि दार फरशीखाली सरकतं. ते दहा वेळा उघडून-लावून बघा, एकदा नाही.

टायरवरचे चार आकडे वाचा: 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. टायरच्या नक्षीवर जाऊ नका, उभ्या गाडीचे टायर न झिजताच म्हातारे होतात. चेसिस नंबर पाटीवरचा नव्हे, पत्र्यावर ठोकलेला वाचा आणि कागदांशी जुळवा.

इंजिनचे भाग मिळतात म्हणून निश्चिंत होणं

पंप, बेअरिंग, गॅस्केट सेडानचेही चालतात. मागच्या बाजूच्या काचा, मागच्या दाराचं कुलूप, तिसऱ्या सीटचे पट्टे, मागच्या भागातली प्लास्टिकची पॅनेलं यांना पर्याय नसतो. यातलं काय तुटलंय, काय गायब आहे, याची यादी गाडीपाशी उभं राहूनच करा. घरी जाऊन एकेक वस्तू कुठे मिळते का ते शोधा आणि ती सापडेपर्यंत विसार देऊ नका.