बॅकस्पिन सर्व्हिस: चेंडूच्या खाली शिरायचं कसं

टेबल टेनिसमध्ये फिरकी सर्व्हिस शिकायची असेल तर सुरुवात बॅकस्पिनने करा, म्हणजे पुढे जाणारा चेंडू उलटा, मागच्या दिशेने फिरतो त्या फिरकीने. साइडस्पिन, म्हणजे चेंडू बाजूला वळवणारी फिरकी, दिसायला देखणी, म्हणून पोरं आधी तिच्याच मागे लागतात. चेंडू वळतो खरा, पण लांब आणि उंच जातो, आणि समोरचा तो आरामात ठोकतो. बॅटवरचं नवीन रबरही इतक्यात घेऊ नका. आहे ते गुळगुळीत रबर ओल्या फडक्याने पुसून वाळवा. पावसाळ्यात हॉलमध्ये दमटपणा असला की रबरावर ओल धरते आणि चेंडू घसरतो, तेव्हा मध्येमध्ये पुसत राहा.

टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर फेकणं, सोपा आहे. तळहात उघडा, चेंडू टेबलाच्या कडेमागे, सरळ वर निदान 16 सेंटीमीटर. मग मोकळा हात लगेच बाजूला घ्या, कारण चेंडू समोरच्यापासून लपवणं नियमात बसत नाही.

आता खरी अडचण. ‘मनगट जोरात फिरव’ हा सल्ला प्रत्येक क्लबात मिळतो आणि याच सल्ल्याने माझं जवळजवळ वर्ष वाया गेलं. मी फिरवत होते, मनगट ठणकत होतं आणि चेंडू मात्र साध्या सर्व्हिससारखा पुढे पळत होता. एकदा एका वयस्कर खेळाडूने माझा हात धरला आणि अंगठ्याचं नख दाखवलं. दाबून दाबून ते पांढरं पडलं होतं. बॅट मुठीत आवळली असेल तर मनगट फिरणार कुठून? सर्व्हिसपुरती बॅट अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरा, उरलेली दोन बोटं मुठीवरून सोडून द्या. पहिले काही दिवस चेंडू वाट्टेल तिकडे उडेल. उडू दे, पण पकड पुन्हा आवळू नका.

दुसरी चूक याहून हट्टी. लाकूड फोडावं तशी बॅट वरून खाली आणून चेंडूच्या पाठीवर मारली जाते. त्याने वेग मिळतो, फिरकी नाही. तव्यावरच्या भाकरीखाली उलथनं सरकवतो ना, तशी बॅट चेंडूच्या पोटाखालून गेली पाहिजे. तिचं तोंड जवळजवळ आकाशाकडे असावं. चेंडू जाळीच्या उंचीपर्यंत खाली येऊ द्या आणि बॅटच्या टोकाजवळ घ्या, कारण हात फिरताना सर्वांत जास्त वेग तिथेच असतो. हात सुरुवातीला सैल आणि सावकाश, झटका फक्त स्पर्शाच्या क्षणी. कान उघडे ठेवा: ‘टक्’ असा लाकडाचा आवाज आला तर चेंडू रबराखालच्या स्पंजात रुतला, म्हणजे तुम्ही मारलात. नीट घासला गेला तर जेमतेम ‘सप्’ ऐकू येतं.

हे टेबलावर शिकू नका, हे मी अगदी ठामपणे सांगते. जाळी दिसली की ती पार करायच्या नादात हात पुन्हा चेंडूच्या मागे जातो. मोकळ्या फरशीवर उभे राहा आणि चेंडू दीड-दोन मीटर पुढे पडेल अशी सर्व्हिस करा. फिरकी असेल तर तो टप्पे घेत थांबतो आणि तुमच्या पायाशी परत येतो. स्केचपेनने अर्धा चेंडू रंगवला तर फिरकी डोळ्यांना दिसते. दहापैकी आठ चेंडू परत येईपर्यंत टेबलाकडे फिरकू नका. मला रोज शंभर चेंडू मारून तीन आठवडे लागले.

टेबलावर आलात की आपल्या बाजूचा पहिला टप्पा जाळीकडच्या अर्ध्या भागात ठेवा. टप्पा कडेजवळ पडला तर सर्व्हिस लांब जाते. पलीकडे चेंडूचे टेबलावरच दोन टप्पे पडले पाहिजेत. जाळी 15.25 सेंटीमीटर उंच आहे, चेंडू तिच्यावरून बोटभर अंतराने जावा.

हे बसलं की तीच हालचाल ठेवून चेंडू टोकाऐवजी मुठीजवळच्या भागावर घ्या. तिथे वेग कमी, म्हणून फिरकी जवळजवळ नसते. समोरचा बॅकस्पिन समजून बॅटचं तोंड वर करून पुश करतो, म्हणजे चेंडू खालून हलकेच ढकलतो, आणि चेंडू उंच उडून तुमच्या फोरहँडवर येतो.