फायरवॉल आणि राउटरवरचे जुने रूल काढताना या चुका टाळा

जुन्या फायरवॉलवर असे रूल (कोणतं ट्रॅफिक सोडायचं, कोणतं अडवायचं हे सांगणाऱ्या ओळी) सापडतातच, ज्यांच्याबद्दल टीममध्ये कुणालाच काही सांगता येत नाही. व्हेंडर केव्हाच गेला, त्याचा सर्व्हर बंद झाला, पण त्याच्यासाठी उघडलेलं पोर्ट तसंच आहे. उद्या तोच आयपी दुसऱ्या मशीनला दिला की जुनी परवानगी तिला आयती मिळते, म्हणून साफसफाई हवीच. कार्ड पेमेंट हाताळणाऱ्यांना तर पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकानुसार दर सहा महिन्यांनी हे रूल तपासावेच लागतात.

हिट काउंट शून्य दिसला की रूल उडवणं

हिट काउंट म्हणजे रूल किती वेळा लागू झाला त्याची मोजणी. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. शून्य कधीपासूनचा, हे आधी बघा. सिस्को राउटर रीबूट झाला किंवा कुणी काउंटर क्लिअर केले की मोजणी नव्याने सुरू होते. 'शो व्हर्जन' कमांडमध्ये अपटाइम (राउटर सुरू झाल्यापासूनचा वेळ) चार दिवसांचा असेल तर त्या शून्याला काही अर्थ नाही. फायरवॉलची जोडी असेल तर दोन्हीकडे बघा.

काही रूल मुळात क्वचितच लागतात. ३१ मार्चच्या क्लोजिंगला शाखेतून हेड ऑफिसला जाणारा डेटा, तिमाहीचं टीडीएस रिटर्न, डीआर साइटकडची (आपत्तीसाठी ठेवलेल्या पर्यायी डेटा सेंटरकडची) लिंक. डीआरच्या रूलवर एरवी हिट नसणारच, पण मुख्य डेटा सेंटर बंद पडलं की सगळी भिस्त त्याच्यावर असते. म्हणून ॲप्लिकेशनच्या मालकाला विचारल्याशिवाय काउंटवर विसंबू नका.

रूल वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो. त्यामुळे वरच्या रूलने सगळं ट्रॅफिक आधीच घेतलं तरीही खालचा रूल शून्यावर राहतो. समजा, वर १०.१०.०.०/१६ या अख्ख्या नेटवर्कला सगळीकडे मोकळी वाट आहे आणि खाली त्यातल्याच एका ॲप सर्व्हरला डेटाबेसच्या १५२१ पोर्टची परवानगी आहे. यातला खरा दोषी वरचा, पण शून्य दिसतं म्हणून काढला जातो खालचा. पुढे ऑडिटमध्ये वरचा रूल आवळला की ॲप बंद! शून्य हिटचा डिनाय (अडवणारा रूल) काढताना तर दुप्पट सावध राहा. त्याच्या खाली 'परमिट एनी एनी' (कुठूनही कुठेही जाऊ द्या) असेल तर तुम्ही दारच उघडताय.

एक ओळ काढायला गेलं आणि अख्खी लिस्ट गेली

सिस्को राउटरवर रूल 'ॲक्सेस-लिस्ट'मध्ये असतात. सिस्कोच्या आयओएस या सॉफ्टवेअरच्या बऱ्याच आवृत्त्यांवर 'नो ॲक्सेस-लिस्ट १०१' लिहून पुढे नको असलेली ओळ दिली तरी १०१ ची पूर्ण लिस्ट जाते. 'आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड १०१'मध्ये शिरून 'नो ३०' असं सीक्वेन्स नंबरने (ओळीच्या क्रमांकाने) काढा. भीती याची की लिस्ट गेली आणि इंटरफेसवर तिचं नाव राहिलं, तर राउटर सगळंच ट्रॅफिक सोडतो. काहीच अडत नाही, त्यामुळे कुणाचा फोनही येत नाही. मग कुणीतरी लिस्टमध्ये पहिली ओळ परत टाकतो, लिस्टच्या शेवटी आपोआप असलेला, न दिसणारा 'सगळं अडवा' हा डिनाय जागा होतो आणि त्याचंच एसएसएच (राउटरवरचं रिमोट लॉगिन) तुटतं.

अख्खी लिस्ट काढायची असेल तर ती कुठे कुठे वापरली आहे ते रनिंग-कॉन्फिगमध्ये (चालू सेटिंगमध्ये) शोधा. इंटरफेसशिवाय नॅट, व्हीपीएन, राउट-मॅप, एसएनएमपी, व्हीटीवाय लाइन (रिमोट लॉगिन) अशा इतर सेटिंगमध्येही ती असू शकते. तिथून आधी सोडवा, मग काढा.

दूरच्या शाखेचा राउटर असेल तर चालू कॉन्फिग सेव्ह आहे ना ते बघून, बदलाआधी 'रीलोड इन १०' (दहा मिनिटांनी रीबूट हो) द्या. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राउटर जुन्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल' करा आणि त्यानंतरच बदल सेव्ह करा. आधी सेव्ह केलंत तर रीलोडचा काहीच उपयोग नाही. जुनिपर कंपनीच्या उपकरणांवर हेच काम 'कमिट कन्फर्म्ड' करतं.

'चालतंय' म्हटलं की बदल बंद करणं

सिस्कोच्या एएसएसारखी स्टेटफुल (चालू कनेक्शन लक्षात ठेवणारी) फायरवॉल जुळलेली कनेक्शन रूल काढल्यावरही चालू ठेवते. ॲपवाले रात्री ओके देतात आणि सकाळी सर्व्हिस रीस्टार्ट झाली की तक्रार येते. चेंज विंडोमध्येच (बदलासाठी ठरवलेल्या वेळेतच) त्या दोन पत्त्यांमधली कनेक्शन क्लिअर करून नव्याने जोडून बघायला लावा.

माझा आग्रह असा की रूल थेट डिलीट करूच नका. आधी लॉग चालू करा, मग तो 'इनॲक्टिव्ह' करा आणि निदान एक तिमाही तसाच ठेवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर हात लावू नका. चेंज रेकॉर्डमध्ये रूलचा मजकूर आणि त्याचा सीक्वेन्स नंबर, दोन्ही लिहा. घाईत परत टाकलेला रूल 'डिनाय एनी'च्या खाली जाऊन बसला तर त्याच्यापर्यंत ट्रॅफिक पोहोचतच नाही.