ससा एकदम बदलला? आधी लेंड्या मोजा

"काहून चावून राह्यला बापा हा?" शेजारच्या काकूंनी बोट चोळत विचारलं तेव्हा आमचा भुऱ्या साडेचार महिन्यांचा होता. आदल्या आठवड्यापर्यंत हाच ससा त्यांच्या हातून सांबार खायचा. (सांबार म्हणजे कोथिंबीर. विदर्भाबाहेरच्यांनी डोळ्यांपुढे इडली आणू नये.) मी त्याला रागावलो, नाकावर टिचकी मारली, पिंजऱ्यात कोंडलं. तिन्ही चुका. आता ससा वेगळा वागू लागला की मी एका ठरलेल्या क्रमाने तपासतो: पोट, दात, ऊन, वय, आणि सगळ्यात शेवटी घर. स्वभावाला दोष देण्याची पाळी सहसा येतच नाही.

पहिलं काम, लेंड्या बघा. ज्याची जंगलात सगळे शिकार करतात तो प्राणी दुखणं दाखवत नाही. कण्हणार नाही, लंगडणार नाही, फक्त "गप्प गप्प" वाटेल. खरं काय ते तळाच्या ट्रेमध्ये दिसतं. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो: वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या, चुरल्या तर आत गवताचा भुसा. त्या बारीक, वाकड्या झाल्या किंवा केसात ओवलेल्या माळेसारख्या निघाल्या की सावध व्हा. खाणं आणि लेंड्या दोन्ही दहा-बारा तास बंद असतील तर ती थेट डॉक्टरकडे जायची वेळ, मग रात्रीचे दोन का वाजेनात. सशाची आतडी थांबली की गॅस धरतो, आणि त्याला उलटी करता येत नाही. "उद्या सकाळी बघू" म्हणण्यात ससे जातात. हिंग-ओव्याचे प्रयोगही करू नका.

सोबत बसणं बघा. कोपऱ्यात अंग आवळून, डोळे अर्धे मिटून, दात कराकरा वाजवत बसलाय म्हणजे दुखतंय. कपाळ कुरवाळताना दातांची हलकी टकटक होते ती वेगळी, ती खुशीची. आणि तो स्वतःच्या बुडाशी तोंड नेऊन मऊ, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या खातो ते बघून किळस करू नका, त्याला ते लागतंच. उलट त्या जमिनीवर पडून राहायला किंवा केसांना चिकटायला लागल्या तर गोड खाणं जास्त होतंय, नाहीतर लठ्ठपणामुळे किंवा पाठदुखीमुळे तोंड तिथवर पोचत नाहीये.

मग तोंड. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. घास उचलतो आणि टाकतो, हनुवटी ओली असते, तोंडाजवळ हात नेला की चवताळतो, अशी लक्षणं असतील तर दात दाखवून घ्या. जेवणाचा मोठा भाग गवतच हवा. टिमोथीचं वाळलं गवत महाग पडतं. मी जोडीला हरळी धुऊन, सावलीत वाळवून देतो, पण जिथे फवारणी होते किंवा कुत्री फिरतात तिथली नाही. गाजर म्हणजे त्याची मिठाई. संत्र्याचं तसंच: नागपूरचा ससा असला तरी आठवड्यातून एखादी छोटी फोड पुरे.

मार्च ते जून, आधी ऊन. सशाला घाम येत नाही. तो उष्णता कानांतून टाकतो आणि तिशीच्या आसपासच बेजार होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. फरशीवर लांब पसरणं, खाणं कमी होणं, खेळायला नकार हे सगळं उन्हाचं असू शकतं. कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम, पण झोत अंगावर नको. पहिला पाऊस पडून दमट झालं की कूलर कुचकामी होतो, आणि लोक नेमके तेव्हाच फसतात. अशा वेळी पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर कान साध्या गार पाण्याने ओले करा आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

हे तिन्ही ठीक असेल तर वय मोजा. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात ससा वयात येतो: पायाभोवती गुरगुरत गोल फिरणं, मुताच्या पिचकाऱ्या, उशांवर चढणं, चावणं. भुऱ्याचं हेच होतं. मादी छातीचे केस उपटून घरटं बांधू लागली तर बहुधा तो खोटा गाभ असतो, दोन-अडीच आठवड्यांत उतरतो, घरटं मोडू नका. पण घरात जोडी असेल तर नीट तपासा. आमच्या ओळखीत "दोन्ही माद्याच" म्हणून विकत घेतलेल्या जोडीने महिन्याभरात सहा पिल्लं दिली!

इलाज म्हणजे नसबंदी. मादीची तर कराच, नाहीतर वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच असतो. चौकशीची सुरुवात नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून करता येईल. डॉक्टर कुठलेही असोत, दोन प्रश्न विचारा: सशांची ऑपरेशनं किती केलीत, आणि आधी उपाशी ठेवायचं का? "रात्रीपासून उपाशी" असं उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर पडा, कारण सशाचं पोट रिकामं ठेवायचंच नसतं. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर नराला मादीपासून लांब ठेवा.

उरलं घर. नवा कुत्रा, हललेला पलंग, दिवाळीचे फटाके, मारबतीच्या मिरवणुकीतले ढोल. अशा वेळी मागचे पाय आपटतो, लपतो. दोन दारं कापलेला पुठ्ठ्याचा खोका द्या, उचलू नका, रोज पंधरा मिनिटं जमिनीवर बसून आपलं पुस्तक वाचा. तो येऊन हुंगेल, जाईल, परत येईल. पिंजऱ्यात हात घातल्यावर चावत असेल तर तो बाहेर असतानाच सफाई करा, ते त्याचं घर आहे.

भुऱ्या ऑपरेशननंतर सहाव्या आठवड्यात निवळला. काकू पुन्हा सांबार घेऊन आल्या, त्याने शांतपणे खाल्लं. काडी मात्र त्या अजूनही हातभर लांबूनच धरतात.