फॉर्म बी फाइलला लागला, पण तेराव्या मजल्यावर पाणी येतं का? सोसायट्यांनो, या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आमच्या सोसायटीच्या तेराव्या मजल्यावर मी हायड्रंटचा, म्हणजे आग विझवण्यासाठी बसवलेल्या पाण्याच्या मोठ्या नळाचा, व्हॉल्व्ह उघडला. आतून फुस्स करून हवा आली, मागोमाग वाटीभर गंजाचं लालसर पाणी सांडलं आणि थांबलं. आग विझवण्याची यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, त्याच आठवड्यात आमच्या फाइलला लागलं होतं. ते देणारा माणूस ऑफिसात बसून सही-शिक्का करून गेला, जिना चढलाच नाही. आणि ते निमूटपणे घेणाऱ्या कमिटीत मीही होतो. त्या दिवसापासून जे शिकलो ते इथे लिहितो आहे, कारण आजूबाजूच्या ज्या ज्या सोसायटीत गेलो तिथे याच चुका दिसल्या.

कागद म्हणजे यंत्रणा समजणं

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. सोसायटीत ती व्यवहारात कमिटीच्या गळ्यात असते. बिल्डर निघून गेला, एजन्सी बदलली, जुन्या सेक्रेटरीने चावी दिली नाही, यातलं काहीच कायद्यापुढे चालत नाही. लायसन्स असलेल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी घ्यावा लागतो. चूक होते ती इथे: तपासणीच्या दिवशी कमिटीचा एकही माणूस एजन्सीबरोबर फिरत नाही.

आम्ही आता एकच नियम ठेवला आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर होज (पाण्याची लांब नळी) जोडून पाणी सोडायचं, प्रेशर गेजचा फोटो काढायचा आणि मगच बिल द्यायचं. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे पंपापासून सर्वांत दूरच्या हायड्रंटवरही साधारण ३.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळायला हवा. होज बॉक्सही त्याच फेरीत उघडून बघा. आमच्याकडे चौदापैकी पाच बॉक्समधले पितळी नोझल गायब होते. भंगारात पितळेला भाव आहे, आणि ते बॉक्स वर्षानुवर्षं कोणीच उघडत नाही.

पाणी येत नसेल तर कुठे बघायचं

सुरुवात पंपरूमपासून करा. पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’वर आहे का? दहातल्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात. एखाद्या रात्री जॉकी पंप (पाइपमधला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा सुरू-बंद होत असतो, तळमजल्यावरच्या लोकांची झोप मोडते, वॉचमन स्विच ‘ऑफ’ करतो आणि तो तसाच राहतो. जॉकी वारंवार सुरू होतो म्हणजे राइझरमध्ये (वर जाणाऱ्या उभ्या पाइपमध्ये) कुठेतरी गळती आहे किंवा पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नाही. ती गळती शोधा. पंप बंद करणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देणं.

स्विच ऑटोवर आहे, वर व्हॉल्व्ह उघडला, तरी मेन पंप जागचा हलत नाही? मग दाब कमी झाला की पंप सुरू करणाऱ्या प्रेशर स्विचकडे जाणाऱ्या बारीक नळीवरचा कॉक बघा. दुरुस्तीच्या वेळी बंद केलेला तो कॉक उघडायला लोक विसरतात. मोटर फिरते, पण गेजचा काटा वर चढत नाही, असं असेल तर सक्शन लाइनमध्ये (टाकीतून पंपाकडे पाणी आणणाऱ्या पाइपमध्ये) हवा शिरली आहे, सक्शनचा व्हॉल्व्ह बंद आहे किंवा मोटर उलटी फिरते आहे. केबलचं काम झाल्यावर फेज बदलले की मोटर उलटी फिरू लागते. आवाज तोच येतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

टाकीचंही तेच. आगीसाठी राखलेलं पाणी उन्हाळ्यात टंचाई आली की घरगुती वापराला सोडलं जातं आणि पावसाळ्यानंतर ती जोडणी बंद करायचं राहून जातं.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती: फायर पंपाची वीज इमारतीच्या मेन स्विचच्या आधीच वेगळी घेतलेली असायला हवी. आग लागली की घाबरून कोणीतरी आधी मेन स्विच पाडतो. पंप त्याच लाइनवर असेल तर ऐन गरजेला पाणी बंद. इलेक्ट्रिशियनला समोर उभं करून हे एकदा तपासून घ्या.

जिन्यात सामान

या चुकीबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण ती करणारे आपणच असतो. चपलांचं कपाट, सायकल, जुनी गादी, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, हल्ली ई-स्कूटरची चार्जिंगला लावलेली बॅटरी. शेजाऱ्याला काय बोलायचं म्हणून सगळे गप्प बसतात. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या एका पुनर्वसन इमारतीत आग तळमजल्यावर लागली होती. पार्किंगमध्ये ठेवलेल्या चिंध्या आणि दुचाकी पेटल्या, आणि धूर वर घरांपर्यंत पोहोचला. झोपेतल्या माणसांचे जीव गेले. उभा जिना आणि केबलचा डक्ट (तारा वर नेणारी उभी पोकळी) धुराला धुराड्यासारखे वर ओढतात.

म्हणूनच जिन्याचं फायर डोअर आपोआप बंद व्हायला हवं. हवा येते म्हणून त्याला कुंडी किंवा वीट लावून उघडं ठेवू नका. इंटरनेटवाल्याने डक्टमध्ये पाडलेली भोकं आगरोधक पदार्थाने बुजवून घ्या. मीटररूम ही अडगळीची खोली नाही, तिथून रंगाचे डबे आजच हलवा. गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर चावी काचेच्या पेटीत दाराशेजारीच हवी. ती सेक्रेटरीच्या घरात असून उपयोग नाही.

रेफ्युज एरियात (आगीच्या वेळी आसऱ्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेत) हळदीकुंकू, बारसं, टेबल-टेनिस हे सगळं मी पाहिलं आहे. चार तासांच्या कार्यक्रमाला माझा विरोध नाही, पण तिथे भिंत घालून स्टोअर केलेलं मात्र ताबडतोब काढायला लावा.

इमारतीभोवतीची मोकळी जागाही यात येते. उंच इमारतीला अग्निशमन गाडीसाठी ६ मीटर रुंद मोकळा मार्ग लागतो आणि तो ४५ टनांपर्यंतचं वजन पेलणारा असावा लागतो. पाहुण्यांच्या गाड्या नेमक्या तिथेच उभ्या राहतात.

घरातल्या चुका

लोखंडी बॉक्स ग्रिल चोरांसाठी बसवतो, पण तिला आतून उघडणारी खिडकी ठेवत नाही. ती ठेवा, आणि कुलूप असेल तर चावी घरातल्या लहान मुलालाही माहीत हवी. पावडरच्या फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघा. सीओटू सिलिंडरला मात्र असा काटा नसतो, त्याचं वजनच करावं लागतं. बाटलीवरची तारीख वाचून समाधान मानू नका. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद करा आणि झाकण सरकवून आग कोंडा.

रंगकामानंतर स्मोक डिटेक्टरवरची प्लॅस्टिकची टोपी काढायची राहते. मग अलार्मचं पॅनेल गप्प असतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. आगीत आपोआप पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरच्या डोक्याला तर रंगाचा हातही लागता कामा नये.

प्रत्यक्ष आग लागली तर

लिफ्ट नको, हे सगळ्यांना पाठ आहे. पण धूर दिसला की लोक बाथरूममध्ये शिरतात, आणि ते घातक ठरू शकतं. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिल आवारातल्या आगीत १४ जण दगावले, त्यांतले अनेक प्रसाधनगृहात सापडले. बाहेर जिन्यात धूर असेल तर रस्त्याकडे खिडकी असलेल्या खोलीत जा, दाराच्या फटीला ओले टॉवेल कोंबा आणि खिडकीतून कपडा हलवत राहा. २२ ऑगस्ट २०१८ ला परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली आणि चार जणांचा बळी गेला. तिथली आग विझवण्याची यंत्रणा चालू नव्हती. त्याच इमारतीत सोळाव्या मजल्यावर अडकलेल्यांना दहा वर्षांच्या एका मुलीने ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावलं. हे तिला शाळेत शिकवलं होतं.

१०१ ला फोन करताना इमारतीचं नाव, विंग, मजला आणि जवळची खूण एवढं आधी सांगा. गाडी कुठल्या गेटने आत येऊ शकते तेही सांगा, आणि ते गेट उघडायला एक माणूस खाली पाठवा. आमच्या वॉचमनच्या केबिनमध्ये हा मजकूर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लावला आहे. खाली पंपरूमची चावी टांगली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही तेराव्या मजल्यावर पाणी सोडतो. पहिल्यांदा जोरात पाणी आलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजी दारात येऊन बराच वेळ बघत उभ्या होत्या.